ओरॅकल पार्कात बॉन्ड्सचा नंबर आहे, कूपरस्टाउनला पाटी नाही. पोराला काय सांगू?

खाडीपलीकडचा

मंडळी, इथे बेसबॉलचा विभाग नाही म्हणून धागा क्रिकेटखाली टाकतोय. ॲडमिन, हवं तर हलवा, उडवू मात्र नका.

आम्ही फ्रीमाँटला राहतो. मुलगा चौदा वर्षांचा, शाळेच्या टीममध्ये सेकंड बेसला असतो. मला हा खेळ कळायला लागला तोच त्याच्यामुळे. त्याआधी मी 'अमेरिकन विटीदांडू' म्हणून मोकळा व्हायचो. गेल्या शनिवारी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा सामना बघायला त्यांच्या ओरॅकल पार्क मैदानावर गेलो होतो. मोठ्या खेळाडूंच्या मानासाठी निवृत्त केलेले जर्सी नंबर वर लावलेत, त्यात बॅरी बॉन्ड्सचा २५ दिसला. पोरगं म्हणालं, "बाबा, बॉन्ड्सचे ७६२ होमरन (आपल्या षटकारासारखे, चेंडू थेट कुंपणापार). इतके कुणाचेच नाहीत. मग तो हॉल ऑफ फेममध्ये का नाही?" म्हटलं, औषधं घ्यायचा असं म्हणतात. "मग इथे नंबर का लावलाय?" मी गार्लिक फ्राइज आणायला उठलो.

हे झालं निमित्त. खरं कारण वेगळंच आहे. त्याच्या टीममधल्या एका पोराचा भाऊ कॉलेजात खेळतो. गेल्या सहा महिन्यांत त्याचे दंड फुगलेत. तो 'काहीतरी' घेतो एवढं सगळ्या पोरांना माहीत आहे आणि आमचं ध्यान त्याच्याकडे ज्या नजरेनं बघतं ती नजर मला आवडत नाही. घरात प्रोटीन पावडरचा डबा आलाच आहे.

तर दोन प्रश्न. बॉन्ड्स हॉल ऑफ फेममध्ये असायला हवा का? आणि चौदा वर्षांच्या मुलाशी हे बोलायचं कसं, की त्यानं डोळे फिरवू नयेत?

अण्णा_वाईकर

बेसबॉल म्हणजे चेंडू टप्पा न घेता येतो आणि तरी निम्म्या वेळा बॅट फिरवणारा चुकतो, तोच ना? वाचतो आहे. ते कूपरस्टाउन काय प्रकरण आहे ते कोणीतरी सांगा. आमच्या वाईपर्यंत अजून पोचलेलं नाही.

डगआउट

अण्णा, कूपरस्टाउन हे न्यू यॉर्क राज्यातलं छोटंसं गाव. तिथे बेसबॉलचं संग्रहालय आहे आणि निवडक खेळाडूंच्या ब्राँझच्या पाट्या आहेत, तोच हॉल ऑफ फेम. खेळाडू निवृत्त होऊन पाच वर्षं झाली की बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार मतदान करतात, ज्यांना या कामात दहा वर्षं झालीत असे. ७५ टक्के मतं हवीत. दहा वर्षांत मिळाली नाहीत की नाव यादीतून जातं. बॉन्ड्सला शेवटच्या म्हणजे २०२२ च्या मतदानात ६६ टक्के मिळाली. रॉजर क्लेमेन्स हा त्याच काळातला महान पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा), त्याला ६५.२.

आणि मजा बघा, त्याच मतदानात डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच वर्षी ७७.९ टक्क्यांनी आत गेला. २००३ मध्ये उत्तेजकांच्या निनावी चाचण्या झाल्या होत्या, त्यात पॉझिटिव्ह आलेल्यांत त्याचं नाव असल्याची बातमी पुढे फुटली होती. त्यातल्या काही निकालांबद्दल शास्त्रीय शंका होत्या हेही खरं. पण ऑर्टिझ हसतमुख, पत्रकारांचा लाडका. बॉन्ड्स पत्रकारांना दारातही उभं करत नसे.

पत्रकारांनी सोडलेल्यांसाठी सोळा जणांची समिती असते, तिथे बारा मतं लागतात. २०२२ च्या डिसेंबरात बॉन्ड्सला चारही मिळाली नाहीत. २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा नाव आलं, तेव्हा पाचही नाहीत. त्या वेळी आत कोण गेलं? जेफ केंट. बॉन्ड्सचाच टीममेट. २००२ मध्ये या दोघांची भर सामन्यात डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागी) गचांडी धरण्यापर्यंत गेली होती, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली.

तिरकस

म्हणजे ज्या शेजाऱ्याशी पाण्यावरून भांडण तोच सोसायटीचा चेअरमन झाला, आणि आपल्याला पार्किंगही नाही.

शिकागोची_सून

मी १९९८ च्या जूनमध्ये लग्न होऊन शिकागोला आले. एका खोलीचं अपार्टमेंट, नवरा दिवसभर लॅबमध्ये, ओळखीचं माणूस नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला बेसबॉल शिकवला. त्या दारात खुर्ची टाकून रेडिओ लावायच्या. तो उन्हाळा म्हणजे सॅमी सोसा आणि मार्क मॅग्वायर. रॉजर मॅरिसचा एका मोसमात ६१ होमरनचा विक्रम १९६१ पासून अबाधित होता. मॅग्वायरनं ७० मारले, आमच्या सोसानं ६६. होमरन मारला की सोसा आधी एक उडी मारायचा, मग पळायचा. आजी त्या उडीची नक्कल खुर्चीत बसूनच करायच्या.

पुढे २००३ मध्ये त्याची बॅट मोडली आणि आत नियमात न बसणारं बूच भरलेलं निघालं. सात सामने बाहेर बसवलं. मला त्या बुचाचं जितकं वाईट वाटलं तितकं नंतरच्या स्टेरॉइडच्या बातम्यांचं वाटलं नाही. २००५ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर सुनावणी झाली, तिथे एरवी टीव्हीवर इंग्रजीत गप्पा मारणाऱ्या या माणसाचं निवेदन त्याच्या वकिलानं वाचलं. मॅग्वायर म्हणाला, मी इथे भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही. राफाएल पाल्मेरोनं बोट नाचवत सांगितलं की मी कधीच घेतलं नाही, आणि ऑगस्टमध्ये स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडून निलंबित झाला.

मॅग्वायरनं २०१० मध्ये कबूल केलं. सोसा २०२४ च्या डिसेंबरपर्यंत थांबला, तेही 'चुका झाल्या' एवढ्यावरच. त्यावर त्याच्या जुन्या शिकागो कब्ज क्लबनं त्याला पुन्हा घरात घेतलं. खालच्या आजी त्याच्या कितीतरी आधी गेल्या.

सांख्यिकी_नाना

सूनबाई, छान लिहिलंत. थोडे आकडे मी घालतो.

१९९७ पर्यंत एका मोसमात साठ होमरनचा टप्पा दोनदाच गाठला गेला होता: बेब रूथ १९२७ मध्ये ६०, मॅरिस १९६१ मध्ये ६१. मग १९९८ ते २००१ या चार मोसमांत सहा वेळा. त्यात सोसा एकटा तीनदा, मॅग्वायर दोनदा, आणि २००१ मध्ये बॉन्ड्सचे ७३. चाचण्या सुरू झाल्यावर थेट २०२२ पर्यंत एकही नाही. तेव्हा ॲरन जजनं ६२ मारले, २०२५ मध्ये कॅल रॅलीनं ६०.

बॉन्ड्सला २००४ मध्ये २३२ वॉक मिळाले, म्हणजे पिचरनं मारता येईल असा चेंडूच दिला नाही आणि त्याला फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं. त्यातले १२० उघडउघड, मुद्दाम. वय जवळपास चाळीस! या वयात खेळाडू गुडघ्याला पट्टी बांधून समालोचन करतात.

तिरकस

नाना, तुम्ही गुडघ्याला पट्टी बांधून काय करता?

सांख्यिकी_नाना

समालोचनच. इथे. फुकट.

चिकट_गवत

मला हा सगळा सोवळेपणा वाटतो. हिरव्या गोळ्या, म्हणजे अँफेटामीन, कित्येक दशकं लॉकर रूममध्ये शेंगदाण्यासारख्या मिळायच्या. त्यांची चाचणी २००६ मध्ये आली. तेव्हाचे लोक 'सोनेरी काळातले' आणि हे 'गुन्हेगार'? पिचरचा कोपर फाटला की दुसरीकडचा स्नायुबंध काढून तिथे बसवतात. टॉमी जॉनवर १९७४ मध्ये झाली तीच शस्त्रक्रिया, आज सर्रास चालते. ते नैसर्गिक आणि सुई अनैसर्गिक, ही रेघ कुणी मारली?

आणि नाना, अर्धा आकडा सांगितलात. मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त होमरन कुठल्या वर्षी निघाले? २०१९. एकूण ६७७६. स्टेरॉइडच्या ऐन भरातल्या २००० सालीही ५६९३ होते. २०१९ मध्ये काय सगळी लीग सुया टोचत होती? चेंडूच वेगळा होता, हवेत कमी अडायचा. चेंडूला कोणी निलंबित केलं नाही.

सगळ्यांना डॉक्टरच्या देखरेखीखाली घेऊ द्या आणि विषय संपवा.

सांख्यिकी_नाना

२०१९ चा मुद्दा मान्य. लपवला नव्हता, सुचला नव्हता.

पण मग एक माझ्याकडूनही. पड गॅल्व्हिन नावाचा पिट्सबर्गचा पिचर होता. १८८९ मध्ये त्यानं कुत्रा आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतला आणि सामना जिंकला. ब्राऊन-सेकार नावाच्या शास्त्रज्ञाचा शोध. वर्तमानपत्रानं तेव्हा कौतुक छापलं. त्या अर्कात दम नव्हता हे नंतर कळलं. गॅल्व्हिनची पाटी कूपरस्टाउनला आहे, १९६५ पासून.

अण्णा_वाईकर

कुत्र्याच्या कशाचा???

जेवत होतो हो मी.

दोन_थेंब

फार्मासिस्ट म्हणून मध्ये पडते. न्यू जर्सीत काउंटरवर उभी असते, त्यामुळे 'डॉक्टरच्या देखरेखीखाली घेऊ द्या' हे वाक्य ऐकलं की माझा रक्तदाब वाढतो.

स्टेरॉइडनं चेंडू दिसायला लागत नाही. ते डोळे आणि हात बॉन्ड्सकडे आधीच होते. १९९८ मध्ये तर बेस भरलेले असताना ॲरिझोनानं त्याला मुद्दाम वॉक देऊन एक रन बहाल केला होता, त्याला मारू देण्यापेक्षा ते परवडलं! स्टेरॉइडचं काम म्हणजे स्नायू बांधणं आणि भरून काढणं. मोसम १६२ सामन्यांचा, जवळपास रोज खेळायचं. ऑगस्टमध्ये बाकीच्यांची बॅट जड होते, घेणाऱ्याची होत नाही. बॅटचा वेग थोडासाच वाढला तरी कुंपणाच्या दहा फूट आत पडणारा चेंडू पलीकडे जातो. सगळा फरक त्या दहा फुटांत.

बॉन्ड्सचं प्रकरण निघालं ते बर्लिंगेममधल्या बाल्को नावाच्या कंपनीतून. खाडीपलीकडचे, तुमच्या घरापासून पुलापलीकडे. तिथलं 'क्लिअर' म्हणजे टीएचजी, चाचणीला दिसूच नये म्हणून बेतलेला रेणू. चाचणी ओळखीचे रेणू शोधते. अनोळखी माणूस समोरून गेला तरी वॉचमन सलाम ठोकतो, तसं. २००३ मध्ये एका ॲथलेटिक्स कोचनं त्याची वापरलेली सिरिंज उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली आणि यूसीएलएच्या प्रयोगशाळेत डॉन कॅटलिन यांच्या चमूनं तो उलगडला. बॉन्ड्सच्या ग्रँड ज्युरीतल्या जबानीची बातमी फुटली, त्यात तो म्हणाला होता की मला वाटलं ते जवसाचं तेल आहे.

आता तुमच्या मुलाबद्दल. चौदाव्या वर्षी बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचे भाऊबंद दिले तर हाडांची वाढीची टोकं लवकर बंद होतात. उंची थांबते. कायमची. याशिवाय छाती बायकांसारखी सुटणं, स्वतःचे हार्मोन बंद पडणं, कोलेस्टेरॉल, हृदय, आणि थांबवल्यावर येणारं खोल नैराश्य. टेक्ससमधल्या प्लेनोचा टेलर हूटन हा शाळकरी पिचर होता, २००३ मध्ये सतराव्या वर्षी त्यानं आयुष्य संपवलं. स्टेरॉइड सोडल्यावर आलेल्या नैराश्यामुळे हे झालं असं त्याचे वडील सांगतात. मॅग्वायर 'भूतकाळाबद्दल बोलायचं नाही' म्हणाला त्याच दिवशी, १७ मार्च २००५ ला, त्याच काँग्रेससमोर हे वडील बोलले. मुलाला ते दाखवा, बॉन्ड्सचा आलेख नको.

तिरकस

जवसाचं तेल! आमच्या आजीनं आयुष्यभर जवसाची चटणी खाल्ली. एक होमरन नाही.

खाडीपलीकडचा

दोन_थेंब, मनापासून आभार. उंचीचा मुद्दा लागू पडेल बहुतेक. पाच फूट दोन इंचांवर अडकलाय आणि रोज दाराच्या चौकटीला टेकून मोजतो.

लाल_माती

कोल्हापूरकर बोलतोय. बेसबॉल कळत नाही, पण हे दुखणं आमच्या ओळखीचं आहे.

मी तालमीत आठ वर्षं काढली. आमचा खुराक म्हणजे बदाम, थंडाई, तूप, दूध, आणि वस्तादांच्या शिव्या. पोरगं एका महिन्यात फुगलं की वस्ताद त्याला बाजूला घेऊन विचारायचे, "काय रं, म्हस कुठली घेतलीस?" सगळे हसायचे, पण त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. आता मैदानं बदलली. पोलीस भरतीच्या वेळी आमच्याकडच्या एका मैदानाच्या कंपाउंडमागं सिरिंजा पडलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या आहेत. त्या पोरांना कुठला हॉल ऑफ फेम नको होता. महिन्याचा पगार पाहिजे होता.

आणि नरसिंग यादव विसरू नका. तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. कोणीतरी जेवणात घातलं असं त्याचं म्हणणं. नाडानं, म्हणजे आपल्या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेनं, मोकळा केला, जागतिक संस्था वाडा वर गेली आणि क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. आमच्यात अजून दोन तट आहेत, मी कुठल्या तटात ते इथं लिहीत नाही, घरी जायचंय.

चौकार_षटकार

क्रिकेटचा विभाग आहे म्हणून: पृथ्वी शॉ, २०१९, टर्ब्युटालिन, खोकल्याचं औषध, आठ महिने. शेन वॉर्न, २००३ चा वर्ल्ड कप, लघवी वाढवणारी गोळी, आईनं दिली होती म्हणे, बारीक दिसण्यासाठी. एक वर्ष.

निष्कर्ष: घरच्यांनी दिलेलं काहीही घेऊ नये.

डगआउट

बेसबॉलमधली सबबींची राणी अजून यायची आहे. फर्नांडो टाटिस ज्युनियर, सॅन डिएगो, १४ वर्षांचा ३४ कोटी डॉलरचा करार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये क्लोस्टेबॉल हे स्टेरॉइड सापडलं, ८० सामने बाहेर. खुलासा: गजकर्णावरच्या औषधातून गेलं.

तिरकस

गजकर्ण झालं म्हणून ८० सामने? मग पावसाळ्यात आमची अख्खी विरार लोकल बाद.

दोन_थेंब

हसू आलं खरं, पण क्लोस्टेबॉल काही देशांत त्वचेच्या मलमात आणि फवाऱ्यात खरंच मिळतं. टेनिसवाला यानिक सिनर त्यातच सापडला. त्याच्या फिजिओनं स्वतःच्या कापलेल्या बोटावर फवारा मारला आणि त्याच हातांनी मालिश केली. ते मान्य झालं, तरी तीन महिने बसावंच लागलं. गजकर्णावर मात्र ते कशाला देतील हे माझ्या शिक्षणात बसत नाही.

उकडीचे_मोदक

मी सहसा नुसतं वाचते. आज लिहिते.

आम्ही मिडवेस्टमधल्या एका छोट्या शहरात पंधरा वर्षं राहिलो. तिथे मायनर लीगची, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवरची, टीम होती. तेव्हा या मुलांचा वर्षाचा पगार पंधरा हजार डॉलरच्या आत असायचा, भाडं परवडायचं नाही, म्हणून गावातली कुटुंबं त्यांना उन्हाळाभर ठेवून घ्यायची. (२०२२ पासून राहण्याची सोय क्लबनं करायची असा नियम झाला.) आमच्याकडे लागोपाठ दोन वर्षं एक डॉमिनिकन पिचर होता. वीस वर्षांचा. मला 'दोन्या' म्हणायचा, म्हणजे बाईसाहेब. पोहे आवडायचे, वर केळं कुस्करून घालायचा, ते मात्र मला बघवायचं नाही.

त्यानं सांगितलं ते लक्षात राहिलंय. त्यांच्याकडे बारा-तेराव्या वर्षी शाळा सुटते आणि एखादा 'बुस्कोन' मुलाला हाताशी धरतो. खाऊपिऊ घालतो, शिकवतो, सोळाव्या वर्षी करार झाला की त्यातून वाटा घेतो. सोळाव्या वर्षी मेजर लीगचे लोक चेंडूचा वेग मोजायला येतात. त्या आधीच्या महिन्यात मुलाला कसली 'जीवनसत्त्वं' टोचली जातात हे मुलगा विचारत नाही. विचारणार कुणाला? घरी अकरा माणसं आहेत.

दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये एका सकाळी क्लबमधून फोन आला, तो पुढचे पन्नास सामने खेळणार नव्हता. बातमीत त्याचं नाव एका ओळीत होतं. संध्याकाळच्या बसनं गेला. डोळ्याला डोळा दिला नाही. नंतर परत कुठे खेळला नाही. त्याची एक बॅग आमच्या तळघरात राहिली, ती घर बदलताना आम्ही सोबत आणली.

बॉन्ड्सच्या पाटीचं काय व्हायचं ते होवो. माझ्या डोळ्यांसमोर 'स्टेरॉइड' म्हटलं की ती बस येते.

लाल_माती

ताई 🙏

चिकट_गवत

मोदकताई, 'डॉक्टरच्या देखरेखीखाली घेऊ द्या' हे माझं वाक्य मी मागे घेतो. त्या मुलाला डॉक्टर कुठला मिळणार होता.

डगआउट

याच जागेवरून मला मूळ प्रश्नाकडे यायचं आहे, कारण माझा राग खेळाडूंवर नाहीच.

१९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सीरिज म्हणजे मोसमाची अंतिम मालिका रद्द झाली, लोक चिडून स्टेडियममध्ये येईनासे झाले. त्यांना परत कोणी आणलं? सूनबाईंनी लिहिलेल्या त्या १९९८ च्या उन्हाळ्यानं. स्टेरॉइड नकोत असं पत्रक मेजर लीगचे तेव्हाचे कमिशनर (प्रमुख) फे व्हिन्सेंट यांनी १९९१ मध्येच काढलं होतं, पण चाचणीच नाही तर पत्रकाला विचारतो कोण? १९९८ च्या ऑगस्टमध्ये एका पत्रकारानं मॅग्वायरच्या लॉकरमध्ये उघड्यावर ठेवलेली अँड्रोस्टेनडायोनची बाटली पाहिली आणि छापलं. ऑलिंपिकमध्ये बंदी असलेली चीज, बेसबॉलमध्ये चालायची, दुकानात मिळायची. ओरड कुणाविरुद्ध झाली? त्या पत्रकाराविरुद्ध, लॉकरमध्ये डोकावला म्हणून.

२००३ मध्ये पहिल्या चाचण्या, त्याही निनावी. ५ टक्क्यांच्या वर पॉझिटिव्ह आले तेव्हा कुठे नियमित चाचण्या. २००५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला शिक्षा दहा दिवस! पुढे ५० सामने, २०१४ पासून ८०, मग १६२, मग आजन्म. २००७ च्या डिसेंबरात माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा अहवाल आला, त्यात ८९ खेळाडूंची नावं. क्लबमालकांना चार उपदेश.

व्हिन्सेंट यांच्यानंतर या सगळ्या काळात कमिशनर होते बड सीलिग. २०१७ मध्ये त्यांची पाटी कूपरस्टाउनला लागली. मॅग्वायरचे मॅनेजर टोनी ला रूसा, २०१४. म्हणजे ज्यांच्या अंगणात झालं ते देव्हाऱ्यात, आणि ज्यांनी अंगात घेतलं ते वेशीबाहेर. एकतर सगळ्यांना आत घ्या, नाहीतर सीलिगची पाटी उतरवा. बॉन्ड्स आत हवा, पाटीवर बाल्कोची एक ओळ कोरून.

सांख्यिकी_नाना

डगआउट, भावना पोचल्या, पण युनियनला सोडून दिलंत. चाचण्यांना वर्षानुवर्षं विरोध खेळाडूंच्या युनियनचा होता, खासगीपणाच्या नावाखाली. त्यात जे खेळाडू काहीच घेत नव्हते त्यांचाच बळी गेला: शेजारचा घेतोय, आपण नाही घेतलं तर जागा जाते. त्यांची नावं कुठल्याही अहवालात नाहीत. हॉल ऑफ फेममधले जुने खेळाडू जो मॉर्गन यांनी २०१७ मध्ये मतदारांना पत्र लिहून सांगितलं होतं की यांना आत घेऊ नका, आम्हा बऱ्याच जणांना ते नको आहे. ते सोवळेपण नव्हे.

माझं मत: बाहेरच राहू दे. विक्रम त्याच्या नावावर आहेतच, ते कुणी पुसले नाहीत. धावपटू मॅरिओन जोन्सची सिडनी ऑलिंपिकची पदकं गेली, त्याच बाल्कोपायी. बॉन्ड्सचे ७६२ जागेवर आहेत.

डगआउट

नाना, युनियनचं मान्य. पण बॉन्ड्सवर न्यायालयात टिकलं काय? न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये दोषी, २०१५ मध्ये तेही रद्द.

सांख्यिकी_नाना

न्यायालयात न टिकणं आणि जवसाचं तेल पिणं यात फरक आहे.

शिकागोची_सून

चेंडूचं सांगायचं राहिलं. २००७ मध्ये बॉन्ड्सनं हँक ॲरनचा ७५५ चा विक्रम मोडला, तो ७५६ वा चेंडू मार्क एको नावाच्या फॅशन डिझायनरनं साडेसात लाख डॉलरला घेतला आणि लोकांना मत विचारलं की याचं काय करू. लोकांनी सांगितलं, त्यावर फुलीसारखं तारांकित चिन्ह कोरून कूपरस्टाउनला पाठव. तसा तो गेला. बॉन्ड्स बाहेर आहे, पण त्याचा डागी चेंडू आत आहे.

खाडीपलीकडचा

काय सुंदर चर्चा केलीत. अहवाल देतो.

काल गाडीतून सरावाला नेताना विषय काढला. समोरासमोर नाही, गाडी चालवताना, म्हणजे एकमेकांकडे बघावं लागत नाही. सीलिगची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "हे मला माहीत आहे बाबा, यूट्यूबवर आहे." टाटिसचं गजकर्ण माहीत. पड गॅल्व्हिन माहीत नव्हता, त्यावर पाच मिनिटं खिदळला आणि लगेच मित्राला मेसेज केला. मग मोदकताईंच्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. सिग्नल येईपर्यंत गप्प होता. विचारलंन, "बॅगेत काय आहे?" मी म्हटलं मला माहीत नाही. ताई, काय आहे हो?

उंचीचा मुद्दा शेवटी काढला, तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. घरी आल्यावर स्वतःच पावडरचा डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचत बसला होता. त्यावर ती क्रीडा-प्रमाणपत्राची खूण नाही असं म्हणाला.

बॉन्ड्सबद्दल त्याचं मत: आत घ्या, पण केंटच्या शेजारी लावा पाटी.

उकडीचे_मोदक

ग्लव्ह आहे. एक जुना, आणि दोन टीशर्ट. आम्ही एकदाच उघडली होती, पत्ता मिळतो का बघायला.

दोन_थेंब

खाडीपलीकडचे, त्या डब्यावर 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' हे शब्द शोधायला सांगा. नसतील तर पावडर केराच्या डब्यात आणि त्याला दोन अंडी जास्त.

लाल_माती

आणि बदाम. रात्री भिजवून.

तिरकस

आणि जवस.

मध्यस्थ

धागा 'इतर खेळ' विभागात हलवला आहे.

अण्णा_वाईकर

सांगून तरी हलवायचा. सकाळपासून क्रिकेटात शोधतोय. आणि ते जायंट्सचे सामने आपल्याकडे किती वाजता लागतात?

डगआउट

तिकडे संध्याकाळी पावणेसात म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे सकाळी सव्वासात, अण्णा. चहाबरोबर.

अण्णा_वाईकर

चालेल. चहाबरोबर चालेल, जेवताना नको.